ॲशट्रेतल्या टोप्या

या शहरात चांगला सिगार कुठे मिळतो आणि तो निवांत बसून कुठे ओढू देतात, हे विचारायला बाहेरगावची माणसं हॉटेलच्या काउंटरवर जातात आणि फसतात. काउंटरवरचा माणूस गोड हसून त्यांना स्टेशनसमोरच्या काचेच्या दुकानात पाठवतो. तिथे सिगार भर उन्हात मांडलेले असतात, वाळलेल्या शेंगांसारखे. ज्याला थोडी अक्कल आहे तो सरळ टॅक्सीच्या रांगेत जातो आणि टोपीवाल्याला विचारतो.

टोपीवाल्याच्या डोक्यावर टोपी नाही, चांगलं तुळतुळीत टक्कल आहे. नाव ऐकून नवं गिऱ्हाईक बिचकतं. हा लोकांना टोप्या घालत असणार असं समजून मीटरवर डोळे लावून बसतं. बसेना का! माणूस सरळ होता. सिगारचं जे टोक तोंडात धरतात ते पानाच्या छोट्याशा गोल तुकड्याने बंद केलेलं असतं, त्या तुकड्याला म्हणतात टोपी. ओढणारा पेटवण्याआधी ती कापतो, ॲशट्रेत टाकतो आणि विसरतो. हा टॅक्सीवाला त्या टोप्या गोळा करायचा. शहरातल्या निम्म्या बारमधले वेटर त्याच्यासाठी त्या बशीत काढून ठेवायचे. वेडा आहे, पण गरीब आहे बिचारा, असं म्हणून.

त्याची पारख मात्र पक्की. दुकानाच्या आतल्या खोलीचं दार उघडलं की तोंडावर ओलसर हवा आली पाहिजे, नुकतीच फरशी पुसल्यासारखी. दुकानदार गिऱ्हाइकाला सिगार बोटांत दाबून बघू देत असेल तर ते दुकान बाद. बारचं म्हणाल, तर ‘हो हो, ओढा की’ म्हणून आत घेणारे आणि मग मोरीच्या दाराशी टेबल देणारेच फार. नाट्यगृहाच्या वरच्या बारमध्ये गच्चीवर बसू देतात, पण तिथे निम्मा सिगार वाराच ओढतो. खरी जागा म्हणजे नदीकाठचा जुना बार. मागे वेगळी खोली, तिचा स्वतःचा पंखा, बूड टेकलं की उठवणार नाहीत अशा खोल खुर्च्या, आणि न मागता समोर येणारा मोठा ॲशट्रे. हे सगळं तो गिऱ्हाइकाला भरभरून सांगायचा. स्वतः मात्र त्याने आयुष्यात एक झुरका मारला नव्हता.

तंबाखू त्याच्या घराण्यातच होती. आई चिरुटाच्या कारखान्यात. कारखान्यात कुणी सिगार म्हणत नसे, तिथे चिरूटच. लांब बाकांवर रांगेने बायामाणसं बसायची, समोर लाकडी पाट, हातात अर्धगोल पातं, बाजूला खळीची वाटी. आई आधी वळायची, पुढे तपासणीवर गेली. तपासणीची तिथली रीत कडक होती. वाईट चिरूट बाजूला ठेवत नसत. ज्याने वळला त्याच्यासमोर उभा राहून पात्याने उभा चिरायचा, पोटातली पानं पाटावर पसरायची आणि पुढे जायचं. बोलायचं काही नाही. बोलण्यापेक्षा ते वाईट.

थोरला मुलगा तिच्याच बाकावर तयार झाला. दादा डावखुरा. आईची टोपी बसवायची एक खास पद्धत होती. पानाच्या टोकाची बारीक शेपटी करायची, ती दोन वेढे देऊन आडवी निजवायची आणि वर अंगठ्याचं नख दाबायचं. चंद्रकोरीसारखी खूण उमटायची. दादाने ती जशीच्या तशी उचलली, फक्त अंगठा डावा. त्यामुळे त्याची कोर उलट्या बाजूला तोंड करायची. कारखानाभर ही दोनच नखं. धाकट्याचा हात काही वळेना. त्याने पानं फाडली, खळ सांडली आणि शेवटी गाडी शिकला.

दादाचे हात तयार झाले आणि बाकावर कुजबुज सुरू झाली. तपासणीवर आई असल्यावर पोराचे चिरूट कोण चिरणार? आईच्या कानावर ते गेलं. मग एका दुपारी तिने दादाच्या पाटापाशी उभं राहून त्याची अख्खी जुडी चिरली. एकेक करून, सगळ्या खोलीसमोर. टोप्या सैल आहेत, असं कारण दिलं. दोन-तीन खरंच सैल होत्या. बाकीच्या नव्हत्या, आणि ते तिला माहीत होतं, दादाला माहीत होतं, बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दादाने पाट पुसला, पातं खिशात टाकलं, एप्रन खुंटीला अडकवला आणि गेला. घरी आलाच नाही.

त्यानंतर आईने कारखान्यात किती दिवस काढले ते सांगण्यात अर्थ नाही. घरात तिने दादाचं नाव घेणं सोडलं. वडील आधीच गेलेले. धाकट्याचं लग्न झालं, टॅक्सी आली, आई म्हातारी झाली. तंबाखूच्या धुळीने तिचं नाक कधीच गेलं होतं, मग डोळेही गेले. उरली ती बोटं. खिडकीपाशी बसून ती दिवसभर पदराचा काठ दोन बोटांत वळत राहायची, आणि दारावर टकटक झाली की तेवढ्यापुरती थांबायची. दूधवाल्याची टकटक सगळ्यांना ओळखू यायची, तिलाही. तरी थांबायची.

मग एकदा टॅक्सी झाडताना मागच्या पायपुसण्यावर त्याला एक टोपी सापडली. कुणा गिऱ्हाइकाने बारच्या दारात उतरण्यापूर्वी गाडीतच सिगार कापला होता. तो ती फेकणारच होता. उजेडात धरली तर वर कोर. उलट्या तोंडाची.

आईच्या तळहातावर त्याने ती ठेवली. आईने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग भिंतीला टेकली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा म्हणाली, “दादा.”

टोपी बोटांत दाबून म्हणाली, “घट्ट बसवलीय बघ. माझ्यासारखीच बसवतोय अजून. म्हणजे राग गेला असेल, नाही रे?”

“गेलाच असणार,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तिथून हे वेड लागलं. अख्खा सिगार विकत घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, पण टोप्या तर लोक फेकूनच देतात. तो गिऱ्हाइकांना सिगारच्या दुकानांत न्यायला लागला, बारमध्ये सोडायला लागला, वेटरांशी ओळखी केल्या. कारखान्यांत चौकशी करून पाहिली, पण पेटीवर नाव कारखान्याचं असतं, हाताचं नसतं, आणि कुठला मालक आपल्या वळणाऱ्यांची नावं सांगतो? तेव्हा टोप्याच शोधायच्या. कधी आठवड्यात एक मिळायची, कधी महिना कोरडा जायचा. घरी आल्यावर आई एवढंच विचारायची, “आला का?” टोपी आली का, असं नाही. आला का.

आणि टोपी मिळाली असली की तो म्हणायचा, “आला.” मग आई नीट जेवायची.

बायकोला हे पटत नसे. “तुमचा दादा असेल जिवंत तर दोन पावलं चालून येत नाही?” ती म्हणायची. “उष्ट्या टोप्या घरात आणता नि आईंच्या उशाखाली ठेवता. खोलीत शिरलं की कुणीतरी बसलंय असं वाटतं मला.” त्यालाही तसंच वाटायचं, पण तो कबूल करत नसे. टॅक्सीत एकटा असताना मागच्या सीटवरून ओल्या तंबाखूचा वास यायचा, काचा उघड्या असल्या तरी यायचा, आणि आरशात बघायला मान वळायची नाही. भीती वाटायची असं नाही. दादा मागे बसला असेल आणि आपण बघितल्यावर नसेल, हे त्याला नको होतं.

आई आणि तो, या दोघांची एक चूक होत होती, आणि ती चिरूट वळणाऱ्या घरातच होऊ शकते. बाकावर वळलेला चिरूट संध्याकाळी जुडी बांधून खोलीबाहेर जायचा. पुढे त्याचं काय होतं हे वळणाऱ्यांनी कधी पाहिलंच नाही. भाजीसारखा तो बाजारात जातो आणि संपतो, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यामुळे हातात टोपी आली की परवा-तेरवा दादाने वळली, हे आईने धरून चाललेलं, आणि आईने धरलं म्हणून त्यानेही. दुकानांच्या ओलसर खोल्यांत तो शंभरदा शिरला होता. ती हवा कशासाठी आहे, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही म्हणा, किंवा विचारायचा धीर झाला नाही म्हणा.

सगळ्यात जुनं दुकान चार पायऱ्या उतरून तळघरात होतं. तिथल्या बाई तोंडाने फटकळ, पण मालाच्या बाबतीत देवमाणूस. एका दुपारी एका गिऱ्हाइकाला घेऊन तो तिथे गेला. गिऱ्हाईक जाणतं होतं, इकडेतिकडे न बघता म्हणालं, “तो शेपटी निजवलेला, वर नखाची खूण असलेला सिगार आहे का?”

टोपीवाला दोन पावलं पुढे आला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते त्याने पहिल्यांदा ऐकलं.

“होते,” बाई म्हणाल्या. “शेवटची पेटी गेल्या महिन्यात गेली. आता मिळायचे नाहीत.”

“पुन्हा कधी येतील?” हे टोपीवाल्याने विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय? तुम्ही ओढत नाही.” मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज जरा खाली आणला. “अहो, येणार कुठून? ते जिथे वळायचे तो कारखाना बंद पडून दहा-बारा वर्षं झाली. चांगला माल आम्ही या ओलसर हवेत वर्षानुवर्षं निजवून ठेवतो. जितका निजेल तितका मऊ होतो. लोकांना वाटतं काल वळला. मी तुम्हाला या खोलीत वीस वर्षांपूर्वीचे सिगार दाखवीन.”

“आणि वळणारा?”

“छातीने गेला म्हणे. डावखुरा होता. तो गेल्यावर मालकाला तसा हात मिळेना, म्हणून तर बंद केलं. मी होती तेवढी पेटी-पेटी उचलली. काही लोकांनी नेले, ते असतील त्यांनी बारमध्ये भाड्याने घेतलेल्या कपाटांत. माझ्याकडे एक नाही.”

टॅक्सीत बसल्यावर त्याने हिशेब केला. पायपुसण्यावरची ती पहिली टोपी सापडली त्याच्या कितीतरी आधी दादा गेला होता. म्हणजे उशाखालच्या सगळ्याच्या सगळ्या. म्हणजे इतक्या वेळा ‘आला’ म्हणून तो ज्याला घरात घेत होता, तो. गिऱ्हाईक मागून विचारत होतं, आता कुठे जायचं. त्याने गाडी सुरू केली आणि सवयीने नदीकाठच्या बारकडे घेतली.

वेटर म्हणाला, या, आत एक साहेब तुमचाच माल काढून बसलेत. मागच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत एक जाडसर माणूस बसला होता. हातात सिगार होता, अजून न कापलेला. टोपीवाला भिंतीशी उभा राहिला. साहेबांनी कात्री लावली. कट असा बारीक आवाज आला आणि टोपी ॲशट्रेत पडली. मग काडी. पान लाल झालं, पहिला धूर वर गेला, पंख्याने ओढला आणि बाहेर फेकला. साहेब डोळे मिटून म्हणाले, “वा.”

आजवर असं किती वेळा झालं असेल? तो टोपीच्या आशेने दारात घुटमळत होता आणि आत दादा जळत होता. संबंध शहरात, खोल खुर्च्यांत, भरल्या पोटी माणसं त्याच्या भावाची राख करत होती, आणि हा त्यांना सांगत फिरत होता की बसायला चांगली जागा कुठली. वेटरने बशी पुढे केली. त्याने टोपी घेतली, बाहेर आला आणि गटाराच्या जाळीला धरून ओकला.

घरी आई म्हणाली, “आला का?”

“आला,” तो म्हणाला. टोपी होतीच.

पण ती शेवटची. पुढे महिना गेला, दुसरा गेला. वेटर मान हलवायचे. आई रोज विचारायची आणि तो म्हणायचा, आज नाही. मग आईचं जेवण कमी झालं. पदराचा काठ वळणारी बोटं थांबली. “पुन्हा रागावला का रे?” तिने एकदा विचारलं. “मी त्या दिवशी सगळे चिरले. दोन-तीनच सैल होत्या. तुला सांगते, दोन-तीनच.” हे तिने तोवर जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तो ‘नाही गं’ म्हणाला आणि उठून बाहेर गेला. खरं सांगायचं तर आईचा जीव त्या टोप्यांवर टांगला होता, आणि तो धागा आपल्या हातात आहे हे त्याला पेलत नव्हतं.

मग त्याने ते केलं. दुकानवाल्या बाईंकडून ओल्या पानाचे तुकडे मागून आणले. बाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही, हीच त्यांची माया. टॅक्सीच्या रांगेत उभं असताना तो मांडीवर पाटी घेऊन बसायचा आणि पेन्सिलीच्या टोकावर टोप्या बसवायचा. शेपटी, दोन वेढे, आडवी निजवायची. उजव्या हाताची सगळी सवय मोडून डावा अंगठा. लहानपणी न वळलेला हात या वयात कुठला वळायला! रांगेतले बाकीचे हसायचे, टोपीवाला आता खरंच टोप्या करतोय म्हणायचे. तो मान वर करत नसे. पान फाटायचं, कोर वाकडी यायची, खळ बोटांना चिकटायची. नख दाबताना त्याला उगाच वाटायचं की मागून कुणीतरी वाकून बघतंय आणि नापसंतीने मान हलवतंय.

शेवटी एक जमली. उशाखालून गुपचूप आणलेल्या एका खऱ्या टोपीशेजारी त्याने ती ठेवून पाहिली. त्याला स्वतःला फरक कळेना. मुद्दाम जराशी चुरगाळली, टोकाला थोडी राख लावली. दुपारीच गाडी घराकडे वळवली.

“आला का?”

“आला.”

आईने हात पुढे केला. त्याने टोपी ठेवली. बायको दारात येऊन उभी राहिली होती. आईचा अंगठा शेपटीवरून गेला, वेढ्यांवरून गेला, कोरीवर थांबला. एकदाच. पुन्हा फिरवला नाही. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताची तपासणी केली होती. याच्या लक्षात यायला हवं होतं.

तिने मूठ मिटली. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. कुणीतरी शेजारी नळ सोडला होता.

“ही तू केलीस,” आई म्हणाली.

त्याने राख लागलेली बोटं शर्टाला पुसली.

“त्याने नख दाबलं असतं. तू टेकवलंयस.” ती म्हणाली, “तुला करावी लागली. म्हणजे तो नाही.”

त्याला खोटं बोलायचं होतं. ओठ हललेसुद्धा. मग तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तळघरातल्या बाई, निजवलेल्या पेट्या, बंद पडलेला कारखाना, छाती. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती रडेल, आता आपल्याला काहीतरी करता येईल. ती रडली नाही.

“म्हणजे आपल्याकडे आला तो गेल्यावरच आला,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि ज्या टोप्या तू आणल्यास, त्यांच्या खालचं बाकीचं?”

“लोकांनी ओढलं, आई.”

तिने मान हलवली, हळू, पुष्कळ वेळ. मग उशाखाली हात घालून तिने सगळ्या टोप्या बाहेर काढल्या आणि ओच्यात घेतल्या. त्याची खोटी टोपीही त्यांच्यातच टाकली.

“अजून कुणाकडे असतील का?”

“कपाटांतून असतील एखाद-दुसरा. बाई म्हणत होत्या.”

“मग जा तू. ऊठ.” तिने चाचपडत त्याचा हात धरला आणि बोटं आवळली, दुखेपर्यंत. “त्या लोकांच्या पाया पड, काय वाट्टेल ते कर. टोपी नको आता. त्यांनी पेटवायच्या आत अख्खा घेऊन ये त्याला.”